प्रबंधातले ‘मूल्यनिरपेक्ष’ काढा, निर्णयांची नोंदवही मागा

प्रति,
सामाजिक शास्त्रांची अभ्यास मंडळे, संशोधन व मान्यता समित्या आणि पीएच.डी.चे मार्गदर्शक,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

विषय: संशोधनपद्धतीच्या प्रकरणातील वस्तुनिष्ठतेच्या ग्वाहीबाबत

सप्रेम नमस्कार.

समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजकार्य, शिक्षणशास्त्र, विषय कोणताही असो, मराठी प्रबंधातले संशोधनपद्धतीचे प्रकरण उघडले की एक वाक्य हमखास भेटते. संशोधकाने आपली वैयक्तिक मते आणि मूल्ये बाजूला ठेवून पूर्ण वस्तुनिष्ठता पाळली आहे, अशा आशयाचे. विद्यार्थी ते आधीच्या प्रबंधातून उचलतात आणि मार्गदर्शक ते राहू देतात, कारण ते नसेल तर परीक्षक विचारतील अशी भीती असते. हे वाक्य काढून टाकावे आणि त्याच्या जागी एक तपासता येईल अशी गोष्ट मागावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. सर्वेक्षणांची आखणी, प्रश्नावल्या आणि कोडिंग (उत्तरांना ठरावीक वर्ग देणे) हेच आमचे रोजचे काम आणि तेच आम्ही शिकवतो. म्हणून तत्त्वचर्चेपेक्षा फॉर्म, रकाने आणि हिशोब यांच्याबद्दलच बोलतो.

ऊसतोडीपासून सुरुवात करू. मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मजुरी टनावर. आता एखाद्या विद्यार्थ्याने बीड जिल्ह्यातले 200 कोयते निवडले आणि ‘प्रति कोयता सरासरी उचल’ व ‘प्रति कोयता हंगामी कमाई’ असे तक्ते केले, तर त्याची बेरीज अचूक असेल, टक्केवारी अचूक असेल, त्याने कुठे खोटेही लिहिलेले नसेल. तरी त्या प्रबंधात बाईची मजुरी नावाचा आकडाच नसेल. मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणे, पहाटेचा स्वयंपाक, पाणी हे सगळे कोयत्यात विरघळून जाते. बाई आजारी पडून खाडा झाला तर दंड कोयत्याच्या हिशोबातून जातो, म्हणून तोही तिच्या नावावर दिसत नाही.

मग व्यक्ती हेच मोजणीचे एकक घ्यावे का? घ्यावे, पण तिथेही सुटका नाही. टनावर मिळालेली रक्कम दोघांत कशी वाटायची? निम्मी-निम्मी, कामाच्या तासांवर, की पैसे ज्याच्या हातात पडतात त्याच्या नावावर? तिन्ही पद्धतींनी तीन वेगळे आकडे येतात आणि प्रत्येकीमागे ‘कमाई’ कशाला म्हणायचे याची एक समजूत असते. यातली कोणतीही पद्धत कोरी नाही. संशोधकाच्या हातात एवढेच असते की कोणती घेतली, का घेतली आणि दुसरी घेतली असती तर आकडा किती हलला असता, हे सांगणे.

हीच गोष्ट राष्ट्रीय पातळीवर दिसते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात आणि 2017-18पासूनच्या श्रमबल सर्वेक्षणात माणसाच्या कामाची स्थिती दोन अंकी कोडने लिहितात. 92 म्हणजे फक्त घरकाम. 93 म्हणजे घरकाम आणि त्यासोबत घरच्या वापरासाठी सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणे, शिवणकाम, विणकाम वगैरे. दोन्ही कोड श्रमबलाच्या, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या लोकांच्या, बाहेर. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत घरच्या वापरासाठी सरपण गोळा करणे हे उत्पादनात धरले जाते. आपल्या श्रमबलाच्या व्याख्येत मात्र ते करणारी बाई कामगार ठरत नाही. घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यासाठी 21 हा कोड आहे आणि तो श्रमबलात मोडतो. म्हणजे म्हशीला वैरण घालणारी, दूध काढणारी, त्यातले थोडे डेअरीला घालणारी बाई 21 की 93, हे दारात उभ्या असलेल्या प्रगणकाच्या पुढच्या दोन प्रश्नांवर ठरते. त्याने नुसते ‘तुम्ही काय काम करता?’ विचारले तर ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर येते, आणि बहुतेकदा उत्तर देणारी ती नसतेच, घरातला पुरुष असतो.

2017-18च्या फेरीत 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग 23.3 टक्के निघाला. 2019च्या देशव्यापी वेळवापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या आणि असे काम करणारे पुरुष 97. एका सर्वेक्षणाने ‘काम करता का’ विचारले, दुसऱ्याने चोवीस तासांत काय काय केले ते लिहून घेतले. ‘ग्रामीण स्त्रिया कामाबाहेर फेकल्या गेल्या’ असा निष्कर्ष काढणाऱ्या प्रबंधाने 93चा आकडा वेगळा दाखवलाच पाहिजे. तो नसेल तर परीक्षकाने प्रबंध परत पाठवावा, इतक्या स्पष्टपणे आम्ही हे म्हणतो.

शेतकरी आत्महत्यांबाबत तर वर्गीकरणाचा प्रश्न थेट जिवंत माणसांच्या घरात जातो. महाराष्ट्रात एक लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे जाते आणि ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. जमीन मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावावर आहे का, कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे आहे का, परतफेडीचा तगादा होता का, हे पाहिले जाते. मदत कोणाला द्यायची हे ठरवण्यासाठी केलेली ही चाळणी आहे. संशोधक जेव्हा ‘पात्र’ प्रकरणांची यादी तहसीलमधून घेऊन तीच आपला नमुना म्हणून वापरतो, तेव्हा नात्यातल्या माणसाकडून किंवा कृषी केंद्रवाल्याकडून उधार घेतलेला शेतकरी, दुसऱ्याची जमीन बटईने किंवा खंडाने कसणारा भूमिहीन, या सगळ्यांना त्याने नमुन्यातून वगळलेले असते. सातबाऱ्यावर नाव नसलेली, पण शेती सांभाळणारी बाई पोलिसांच्या नोंदीत अनेकदा ‘गृहिणी’ होते आणि शेतकऱ्यांच्या मोजणीत येतच नाही. मग प्रबंधात निष्कर्ष येतो की आत्महत्यांचे मुख्य कारण संस्थात्मक कर्ज. तो यायचाच होता, कारण संस्थात्मक कर्ज असलेलेच निवडले होते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2013च्या अहवालात शेतीत स्वयंरोजगार करणाऱ्यांच्या 11,772 आत्महत्या होत्या. 2014मध्ये विभागाने शेतकरी आणि शेतमजूर असे दोन रकाने केले, तेव्हा शेतकऱ्यांच्या रकान्यात 5,650 आणि मजुरांच्या रकान्यात 6,710 आले. पहिल्या दोन आकड्यांची रेघ जोडून ‘एका वर्षात आत्महत्या निम्म्याहून कमी झाल्या’ असे लिहिणारा आणि दोन्ही रकाने मिळवून ‘वाढल्या’ असे लिहिणारा, दोघेही सरकारी आकडाच देत असतात. व्याख्या बदलली हे वाक्य दोघांनीही लिहायला हवे. ते ज्याने गाळले त्याने अप्रामाणिकपणा केला, मग त्याची बाजू कोणतीही असो.

मूल्यनिरपेक्षतेचा दाखला बहुधा जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या नावाने दिला जातो, म्हणून त्याचे म्हणणे नीट पाहिले पाहिजे. अभ्यासाचा विषय निवडताना मूल्ये येतातच, त्यांच्याशिवाय असंख्य घटनांतून एक घटना महत्त्वाची वाटणारच नाही, हे त्याने 1904च्या निबंधात मांडले. त्याचा आग्रह वेगळा होता: जे आहे त्याच्या वर्णनातून जे असावे ते सिद्ध होत नाही, म्हणून दोन्हींची गल्लत करू नये. त्याची स्वतःची 1892ची, जर्मनीत एल्बे नदीच्या पूर्वेकडच्या शेतमजुरांवरची पाहणी तर आमच्या वर्गात आम्ही मुद्दाम शिकवतो. सामाजिक धोरणावर काम करणाऱ्या जर्मन संघटनेने त्या पाहणीच्या प्रश्नावल्या मजुरांना पाठवल्या नव्हत्या, जमीनदारांना पाठवल्या होत्या. मजुराच्या घरात काय शिजते हे मालकाने लिहिले. पुढच्या पाहणीत वेबर आणि धर्मशास्त्रज्ञ पॉल गोएरे यांनी प्रश्नावल्या प्रोटेस्टंट पाद्रींकडे पाठवल्या, कारण ते मजुरांच्या अधिक जवळचे. आणि 1895च्या फ्रायबर्गमधल्या व्याख्यानात वेबरने पूर्वेकडच्या पोलिश मजुरांच्या प्रश्नाकडे आपण जर्मन राष्ट्राच्या हिताच्या दृष्टीने पाहतो, हे उघड सांगितले. ती दृष्टी आज आपल्याला पटणार नाही. पण ती उघड असल्यामुळे सव्वाशे वर्षांनंतरचा वाचक त्याचे आकडे एका बाजूला आणि त्याचे राष्ट्रहित दुसऱ्या बाजूला ठेवू शकतो. वेबरचे नाव घेऊन हीच सोय आपण विद्यार्थ्यांच्या वाचकांपासून काढून घेतो.

आता दुसऱ्या टोकाबद्दल, कारण आमच्या काही सहकाऱ्यांना तेच टोक जवळचे वाटते. मूल्ये सुटत नाहीत, तर मग सगळे संशोधन म्हणजे भूमिकाच, असे ते म्हणतात. हे आम्हाला मान्य नाही. मूल्याने प्रश्न निवडावा, उत्तर निवडू नये. मायक्रोफायनान्सच्या (गटांना छोटी कर्जे देणाऱ्या संस्थांच्या) वसुलीने गांजलेल्या बायकांचा अभ्यास करायला निघालेला विद्यार्थी आंदोलनात आलेल्या 150 जणींच्या मुलाखती घेतो आणि लिहितो की 92 टक्के कर्जदार बायकांना छळ सोसावा लागला. छळ खरा आहे, मुलाखती खऱ्या आहेत, 92 टक्के मात्र निरर्थक आहे, कारण ज्यांचा छळ झाला नाही त्या आंदोलनाला आल्याच नाहीत. या 150 मुलाखतींतून छळ कसा होतो, गटातल्या बायकांनाच एकमेकींवर कसे सोडले जाते, हे उत्तम सांगता येते. किती जणींचा होतो हे सांगता येत नाही. त्यासाठी गटांच्या पूर्ण यादीतून चिठ्ठ्या काढून नमुना घ्यावा लागेल. ज्या प्रश्नाबद्दल आपल्याला पोटातून वाटते, तिथे हा नियम अधिक कडक पाळावा लागतो, कारण असा एक पोकळ आकडा सापडला की विरोधक उरलेले सगळे खरेही फेकून देतात.

प्रश्नांच्या शब्दांत काय काय लपते, हे अस्पृश्यतेच्या मोजणीत चांगले दिसते. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या 2011-12च्या फेरीत 42 हजारांहून अधिक कुटुंबांना आधी विचारले की घरात कोणी अस्पृश्यता पाळते का. ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढे विचारले की अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तुमची भांडी वापरली तर काही अडचण होईल का. दोन्ही मिळून 27 टक्के कुटुंबांत कोणी ना कोणी ती पाळते असे निघाले. दुसरा प्रश्न नसता तर स्वयंपाकघरापुरती अस्पृश्यता पाळणारी घरे ‘नाही’च्या रकान्यातच राहिली असती. आपल्याकडच्या प्रश्नावल्यांत पहिलाच प्रश्न असतो, तोही ‘तुम्ही जातिभेद मानता का? होय/नाही’ असा, आणि विचारणारा मुलगा सरपंचाच्या ओट्यावर बसलेला असतो. उलट बाजूचेही तितकेच वाईट: ‘व्यसनामुळे शेतकरी कर्जबाजारी होतात, याच्याशी आपण किती सहमत आहात?’ पाहुण्याला ‘असहमत’ म्हणणे लोकांना जड जाते, त्यामुळे सहमतीची टक्केवारी फुगते. निम्म्या फॉर्ममध्ये विधान उलटे करून पाहा, फुगवटा किती ते लगेच कळते.

मुलाखतींच्या कोडिंगमध्ये तर संशोधकाचा हात सर्वांत मोकळा असतो. ‘भाऊ हल्ली गप्प गप्प असायचा, घ्यायचाही थोडी, सोसायटीची नोटीस आली होती’ या वाक्याला मानसिक आजार, व्यसन, कर्ज यांपैकी कोणता कोड द्यायचा? दोन जणांनी स्वतंत्रपणे कोडिंग करावे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ‘80 टक्के जुळले’ एवढे लिहून विषय संपवतात. समजा 100 मुलाखती आहेत आणि मुख्य कारण ‘व्यसन’ की ‘अन्य’ एवढेच ठरवायचे आहे. दोघांनीही प्रत्येकी 80 मुलाखतींना ‘व्यसन’ लावले असेल, तर डोळे मिटून कोड वाटले असते तरी 68 ठिकाणी जुळणी झाली असती (0.8 × 0.8 अधिक 0.2 × 0.2). योगायोगापलीकडे जुळण्याची जागा 32ची, त्यात खरी जुळणी 12ची. योगायोग वजा करून जुळणी मोजणारा कोहेनचा कॅपा 0.375 येतो (12 भागिले 32), म्हणजे कमकुवत. आकडा कमी आला की विद्यार्थी घाबरून दुसऱ्या कोडकर्त्याला ‘समजावतात’ आणि पुन्हा मोजतात. तसे करू नये. न जुळलेल्या 20 मुलाखती पुढ्यात घेऊन बसावे, कारण दोघांच्या मूल्यांतला फरक नेमका त्याच 20 मध्ये आहे. बहुतेकदा तिथे एका कोडची व्याख्या ढिली असल्याचे सापडते. व्याख्या बदलली की बदलाची तारीख टाकून सगळ्या मुलाखती नव्याने कोड कराव्यात.

संख्यात्मक काम करणाऱ्यांनी स्वतःला यातून सुटलेले समजू नये. 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 29 चमूंतल्या 61 विश्लेषकांना फुटबॉलच्या सामन्यांची एकच माहिती दिली होती. सावळ्या-काळ्या खेळाडूंना पंच जास्त लाल कार्ड दाखवतात का, एवढाच प्रश्न. 20 चमूंना सांख्यिकीयदृष्ट्या ठळक फरक दिसला, 9 चमूंना दिसला नाही. कोणीही लबाडी केली नव्हती. कोणते घटक हिशोबात धरायचे आणि कोणते सांख्यिकी प्रारूप वापरायचे, एवढ्यावरून हे घडले. आपल्याकडे दारिद्र्याचे तसेच आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2011-12च्या 68व्या फेरीच्याच खर्चाच्या माहितीवर तेंडुलकर समितीच्या पद्धतीने ग्रामीण भागासाठी दरडोई महिना 816 आणि शहरी भागासाठी 1,000 रुपयांची रेषा धरली, तर 21.9 टक्के लोक गरीब. रंगराजन समितीने 972 आणि 1,407 धरले, तर 29.5 टक्के. मधले सव्वानऊ कोटींच्या आसपास लोक गरीब आहेत की नाहीत, हे त्यांच्या ताटात काय आहे यापेक्षा ताटात किमान काय असायला हवे याच्या आपल्या उत्तरावर ठरते. वेबरने ज्या गल्लतीबद्दल सांगितले ती इथे टाळता येते: दोन्ही रेषा तक्त्यात ठेवायच्या आणि आपण एक का निवडली ते सांगायचे.

आता आमची मागणी. संशोधन आराखडा मंजूर झाल्याच्या दिवसापासून प्रत्येक विद्यार्थ्याने निर्णयांची नोंदवही ठेवावी. तारीख, कोणता निर्णय, कोणते पर्याय होते, कोणता घेतला, का घेतला, त्यामुळे कोण आत आले आणि कोण बाहेर राहिले. एवढेच रकाने. एकक, मुख्य संज्ञांच्या व्याख्या, नमुन्याची यादी कुठून आणली, गावात कोणाच्या ओळखीने शिरलो, मुलाखत कुठे आणि कोणासमोर झाली, कोणते फॉर्म बाद केले, कोड कधी बदलले. पूर्ण प्रबंधात 20 ते 30 नोंदी पुरेशा आहेत आणि त्या परिशिष्टात छापाव्यात. नोंदी त्याच वेळी लिहिलेल्या हव्यात. प्रबंध बांधायला टाकताना एका बैठकीत लिहिलेली नोंदवही ही जुन्याच ग्वाहीची नवी प्रत होईल, म्हणून मार्गदर्शकाने दर तीन महिन्यांनी तिच्यावर सही करावी.

क्षेत्रकार्याला निघण्याआधी एक पान विभागात जमा करावे: कोणते उत्तर आले तर माझे गृहीतक चुकीचे ठरेल. ‘स्वयंसहायता गटामुळे स्त्रियांचे सक्षमीकरण होते’ असे गृहीतक असेल तर सक्षमीकरण झाले नाही हे कशावरून मानाल, ते आधी लिहायचे. कर्ज बाईच्या नावावर आणि पैसे नवऱ्याच्या हातात, हे सक्षमीकरण की नाही? हे माहिती गोळा झाल्यावर ठरवले तर नेहमी सोयीचेच ठरते.

मुख्य निष्कर्ष निदान दोन व्याख्यांनी काढून शेजारी-शेजारी द्यावा. कोडिंगसाठी एकूण मुलाखतींपैकी निदान पाचवा हिस्सा दुसऱ्याने स्वतंत्रपणे करावा. दोन विद्यार्थी एकमेकांचे हे काम करू शकतात, खर्च येत नाही. माहिती ओळख काढून विभागाकडे ठेवावी. इथे फक्त गावाचे नाव बदलून भागत नाही. लहान गावात आत्महत्येचे वर्ष, पीक आणि मुलांची संख्या एवढ्यावरून घर ओळखू येते. तिथे वर्षाऐवजी पाच वर्षांचा टप्पा द्यावा आणि जमिनीचा गट क्रमांक कधीच देऊ नये.

अलीकडे काही प्रबंधांत ‘माझे स्थान’ म्हणून दोन परिच्छेद येऊ लागले आहेत: मी अमुक जातीचा, शहरी, पुरुष. ही सुरुवात चांगली आहे, पण ते परिच्छेद तिथेच संपतात. पुरुष असल्यामुळे कोणत्या घरांत बायकांशी बोलणे झाले नाही, अशी किती घरे होती, ती बाद केली की त्यांच्या नवऱ्यांची उत्तरे घेतली, हे आकड्यासह पुढे यायला हवे. ते नोंदवहीत आले तर स्वतंत्र कबुलीजबाबाची गरज उरत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांनुसार प्रबंधातले इतर लेखनाशी असलेले साम्य टक्क्यांत मोजण्याची यंत्रणा आपण प्रत्येक विभागात उभी केली. 10 टक्क्यांच्या मर्यादेसाठी विद्यार्थी आठवडे घालवतात. तेवढाच वेळ नोंदवहीला मिळावा. समित्यांनी पुढच्या बैठकीत आराखड्याच्या नमुन्यात ‘गृहीतक कशाने खोटे ठरेल’ हा एक रकाना वाढवावा आणि प्रबंधाच्या नमुन्यातून वस्तुनिष्ठतेची ग्वाही वगळावी. मौखिक परीक्षेत परीक्षकांनी ‘संशोधन वस्तुनिष्ठ आहे का?’ हा प्रश्न सोडून द्यावा. नोंदवहीतले कोणतेही एक पान उघडावे आणि विचारावे: हा निर्णय उलट घेतला असता, तर तक्ता क्रमांक 4.7 कसा दिसला असता?

आपले,
सर्वेक्षण व संशोधनपद्धती शिकवणारे शिक्षक